पुस्तकांचा टेम्पो भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं एक तरुण मंडळ. पेठेतलं वाचनालय जुनं, ‘ब’ वर्गाचं, पण सभासद आटत चाललेत. यंदा गणपतीचा खर्च थोडा आवरून वाचनालयासाठी काहीतरी करायचं मंडळाच्या मनात आहे. घरोघरी फिरून दोनेक हजार जुनी पुस्तकं गोळा करायची आणि वाजतगाजत नेऊन द्यायची, असं ठरलंय. टेम्पोही सांगून ठेवलाय. हे बरोबर आहे का, आणि याशिवाय काय करता येईल?

विचार चांगला आहे, पण टेम्पोत जुनी पुस्तकं भरू नका. मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होतो, आता एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, आणि हा अनुभव अंगावर घेतलेला माणूस म्हणून सांगतोय.

आमच्याकडेही अशीच फेरी आली होती. हलगी, फेटे, फोटो सगळं झालं. चौदाशे पुस्तकं दारात उतरली आणि माणसं चहा पिऊन गेली. मागे राहिलो मी आणि आमचा लिपिक. महिनाभर निवडत बसलो. दहावीची जुनी गाईडं, अभ्यासक्रम बदलून गेलेली परीक्षांची पुस्तकं, कोऱ्या डायऱ्या, कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून वाटलेल्या एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती. कामाची निघाली दीडशेच्या आतबाहेर. दोन पोत्यांत कसर होती, ती आमच्या कपाटांत शिरली, हा वरचा नफा. आणि उरलेली साडेबाराशे रद्दीत घातली तेव्हा ज्यांनी दिली होती त्यांतले दोघं भांडायला आले.

वाचनालयात पुस्तक ‘येणं’ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. आधी दाखल रजिस्टरात एक ओळ पडते: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कुणाकडून मिळालं. मग शिक्के. एक नावाच्या पानावर, एक शेवटी आणि एक गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं असं एक ठरलेलं पान असतं. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलंच म्हणाला तर ते उघडून दाखवायचं. (आमचं कितवं, ते इथं सांगत नाही.) मग वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला आकडा), पाठीवर चिठ्ठी, आत खिसा आणि कार्ड, वरून प्लॅस्टिकचं कव्हर. हात बसलेल्या माणसालाही एका पुस्तकाला पंधरा मिनिटं लागतात. चौदाशेच्या चौदाशे दाखल करायची म्हटली असती तर साडेतीनशे तास. देवघेव सांभाळून रोज दोन तास काढले तरी १७५ दिवस. आणि एकदा दाखल झालेलं पुस्तक बाद करायचं तर यादी, कार्यकारिणीचा ठराव, रजिस्टरात नोंद. म्हणजे नको असलेलं पुस्तक आत घेण्यापेक्षा बाहेर काढणं अवघड.

पुस्तकंच द्यायची असतील तर आधी ग्रंथपालांकडे जाऊन मागणी रजिस्टर बघा. सभासदांनी मागितलेली आणि पैशांअभावी न घेतलेली पुस्तकं त्यात लिहिलेली असतात. त्यातली वीस नवी करकरीत पुस्तकं ही दोन हजार जुन्यांपेक्षा भारी. दिवाळी अंकांचंही तसंच. अंकांची किंमत आता अशी वाढलीय की पूर्वी शंभर अंक घेणारं वाचनालय साठावर आलंय, आणि दिवाळी अंक योजनेसाठी म्हणून येणारा सभासद हा पुष्कळदा वर्षभर टिकणारा सभासद असतो. चाळीस अंक मंडळाने उचलले तर ती मदत कार्तिक ते फाल्गुन रोज हातांत फिरताना दिसेल.

जुन्यातलं एकच मला नेहमी हवं असतं: कोल्हापूरचे, कोल्हापुरातच राहिलेले कागद. तालमींच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, संस्थानकाळातली छापील पत्रकं, शाळांची हस्तलिखितं, कुस्तीच्या मैदानांच्या जाहिराती, नाटक-सिनेमाच्या पुस्तिका. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली या गावात सुरू झाली. त्या काळातला एखादा कागद कुणाच्या माळ्यावर निघाला तर तो रद्दीवाल्याकडे जाता कामा नये. घरोघरी फिरणारच असाल तर हे विचारत फिरा. मिळेल थोडं, पण दुसरीकडे कुठे मिळणार नाही असं मिळेल. स्कॅन करायचा उत्साह असेल तर एक लक्षात ठेवा, की लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. जुनं दिसतंय म्हणून नेटवर टाकलं, असं करू नका.

आता मुख्य गोष्ट. मंडळात पोरं किती? पन्नास धरू. त्यातले वाचनालयाचे सभासद किती? हा प्रश्न मी आजवर मदत करायला आलेल्या प्रत्येक मंडळाला विचारलाय आणि उत्तराऐवजी हसू मिळालंय. आमच्याकडे महिन्याची वर्गणी ४० रुपये आहे. पन्नास जणांचे वर्षाचे २४,००० होतात. साऊंडच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे हा आकडा किरकोळ आहे, पण वाचनालयाच्या जमाखर्चात तो ठळक दिसतो, कारण तो दरमहा येतो आणि कुणाच्या पाया न पडता येतो.

पैशापेक्षाही मोठा फायदा दुसरा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकं, उघडं राहण्याची वेळ, कर्मचारी असं सगळं तपासणीला बघितलं जातं. सभासद घटले की वर्ग धोक्यात येतो, वर्ग गेला की अनुदान उतरतं, अनुदान उतरलं की पुस्तकखरेदी थांबते, आणि नवी पुस्तकं नाहीत म्हणून उरलेले सभासदही जातात. हा उतार मी दोन वाचनालयांत डोळ्यांनी बघितलाय. २०२२ मध्ये शासनाने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं हे खरं, पण ते दोन हप्त्यांत येतं आणि हप्ता कधी येईल ते पंचांगात लिहिलेलं नसतं. मधल्या महिन्यांत लिपिकाचा पगार वर्गणीतूनच निघतो.

म्हणून सभासद व्हा आणि पुस्तक घरी न्या. नुसती पावती फाडून गेलात तर नाव वाढेल, देवघेव वाढणार नाही. तपासणीला आलेला माणूस देवघेव रजिस्टर उघडतो तेव्हा पानं भरलेली आहेत की एकाच दिवशी एकाच शाईने भरलीत, हे त्याला कळतं. न वाचता परत केलंत तरी चालेल. निदान घरातलं कुणीतरी चाळतं. माझा अनुभव असा, की पोरगा संकोचाने एक पुस्तक नेतो आणि दुसऱ्या आठवड्यात ‘आईनं अजून एक मागितलंय’ म्हणून येतो. आमच्या कितीतरी पक्क्या वाचक बायका अशाच आल्या. तिच्या नावानं वेगळं कार्ड काढा, तुमच्या कार्डावर तिला वाचायला लावू नका.

सभासद झालात की वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. हे सगळ्यात दुर्लक्षित काम. बहुतेक वाचनालयांची सभा कशी होते ते सांगतो: वेळ साडेपाचची, सात माणसं हजर, गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तीच सात माणसं बसून ताळेबंद मंजूर. आभार, चहा, बिस्किट. त्या सातांतले चौघं सत्तरीपुढचे. ते वाईट नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं वाचनालय ओढलंय. पण त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर कुणाकडे नसतं. आधी घटना वाचा, मतदानाचा हक्क कुणाला आणि किती दिवसांनी मिळतो ते बघा. मग सभेत बसून तीनच प्रश्न नम्रपणे विचारा: हिशेबतपासणी कितव्या सालापर्यंत झालीय, यंदा पुस्तकांवर किती खर्च झाला, आणि धर्मादाय कार्यालयात शेवटचा फेरफार अहवाल कधी मंजूर झाला?

तिसरा प्रश्न कोरडा वाटेल. पण कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो, आणि इथेच वाचनालयं अडकतात. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात दोन गटांचं भांडण लागलं. दोघांनी आपापली यादी दिली, प्रकरण कित्येक वर्षं पडून. बँकेत ज्यांच्या सह्या चालायच्या त्यांतले एक वारले, एक मुलाकडे पुण्याला गेले. खात्यात पैसे आहेत आणि वर्तमानपत्राचं बिल द्यायला रुपया नाही, अशी गत. तुमच्यात कुणी वकील असेल, सीए असेल, तर पुस्तकं गोळा करण्यापेक्षा त्याने वाचनालयाच्या फायलीसोबत दोन रविवार काढावेत.

रोख मदत द्यायची असेल तर ती कामाला बांधून द्या. ‘वाचनालयाला ११ हजार’ असं दिलं की ते सर्वसाधारण खात्यात विरघळतं. ‘बालविभागाच्या दोन कपाटांसाठी’ असं लिहून दिलं तर कपाटं येतात. वाचनालयाकडे देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (८०जी म्हणतात ती) असेल तर जुन्या करप्रणालीत देणगीदाराला वजावट मिळते, मात्र दोन हजारांपुढची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कुणाची ओळख असेल तर तेही दार आहे: कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्ट शब्दांत आलेलं आहे. पण कारखानदार पहिल्याच भेटीत तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागतो. म्हणजे फिरून पुन्हा त्या फायलीपाशीच येतो आपण.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान इमारत, कपाटं, संगणक, बालविभाग यांसाठी अर्थसाहाय्य देतं. वाचनालयाची पन्नाशी, पंचाहत्तरी, शताब्दी असेल तर त्यासाठीही योजना आहे. अर्ज शासनाच्या ग्रंथालय विभागामार्फत जातो आणि त्याला नकाशा, अंदाजपत्रक, कोटेशनं लागतात. ग्रंथपाल इथेच हात टेकतो, कारण त्याला अंदाजपत्रक करता येत नाही आणि करून घ्यायला पैसे नसतात. पेठेत एक सिव्हिल इंजिनिअर नाही असं होणार नाही.

वायरमन असेल तर त्याला एक काम: वीजबिल बघायचं. मी दोन ठिकाणी बघितलंय, वाचनालयाला वर्षानुवर्षं व्यापारी दराने बिल येत होतं. सार्वजनिक सेवांची वर्गवारी वेगळी असते आणि वाचनालयं तिच्यात बसतात. अर्ज केला, दर बदलला. तेवढ्यात दोन मासिकांची वर्गणी सुटली.

बाकी हातकाम भरपूर आहे आणि त्याला डोकं नको, चिकाटी पाहिजे. साठा पडताळणी: एकाने रजिस्टर वाचायचं, दुसऱ्याने फळीवर बोट फिरवायचं. थकीत पुस्तकांसाठी फोन करणं. यात पोरांचा आवाज चालतो, कार्यवाहांचा चालत नाही, लोक चिडतात. पावसाळ्याआधी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, कारण आपल्याकडच्या जुन्या भिंती जूनपासून पाणी ओढतात आणि मागच्या रांगेला बुरशी धरते. संगणकावर यादी चढवायची असेल तर वाचनालयांसाठीच केलेली प्रणाली घ्या: सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय मिळतंय का विचारा, नाहीतर कोहा, ते फुकट आहे. एक्सेलमध्ये आपल्या मनाने सुरू करू नका, पुढच्याला ते निस्तरावं लागतं. आणि जे कराल ते ग्रंथपालांना विचारून. एका मंडळाने हौसेने सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून दिली होती. दिसायला सुरेख. पुन्हा वर्गांकाप्रमाणे लावायला आम्हाला एक मे महिना गेला.

अभ्यासिकेबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. हल्ली मदत म्हटली की सगळे म्हणतात, एमपीएससीवाल्यांसाठी टेबलं द्या. द्या. पण वाचनकक्षाची जागा खाऊन नव्हे. सकाळी आठाला येऊन ‘पुढारी’ची पानं वाटून घेऊन वाचणारे म्हातारे आमच्या वाचनालयातून एकदा असेच हटले आणि परत आले नाहीत. अभ्यासिकेतला पोरगा दहा तास बसतो, एक पुस्तक नेत नाही, पास झाला की पेढे देऊन जातो. त्याला सभासद करून घ्या आणि आठवड्यातला एक तास काउंटरवर बसवा.

आता शुक्रवार पेठेचं खास. तुमची पेठ नदीच्या अंगाला आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुम्हाला मी सांगायला नको. वाचनालय तळमजल्यावर असेल तर मंडळ जे करू शकतं ते शासन, अनुदान, प्रतिष्ठान यांतलं कुणीच करू शकणार नाही, कारण ते काम एका रात्रीत करायचं असतं.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३९ ची बातमी आली की कामाला लागायचं, ४३ ची वाट बघायची नाही. ४३ ला पोरं आपापल्या घरचं सामान हलवत असतात. पंधरा जणांची नावं आणि फोन ग्रंथपालांच्या टेबलाच्या काचेखाली आधीच हवेत. किल्ली दोघांकडे. जागा ठरलेली: पेठेतल्याच कुणाचा तरी वरचा मजला. हलवायचा क्रमही ठरलेला. पहिल्यांदा दाखल रजिस्टरं, कारण ती गेली तर वाचनालयाकडे काय होतं याचाच पुरावा जातो. मग धर्मादाय आणि हिशेबाच्या फायली. मग जुनं, दुर्मीळ. मग प्रत्येक कपाटाचे खालचे दोन कप्पे. नव्या कादंबऱ्या सगळ्यात शेवटी; त्या पुन्हा विकत मिळतात.

आणि भिजलंच तर? २०१९ मध्ये पाणी उतरल्यावर मी एका वाचनालयात गेलो तर मदतीला आलेल्यांनी पुस्तकं गच्चीवर कडक उन्हात पसरली होती. पुठ्ठे पापडासारखे वळले आणि गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं वाळून वीट झाली, पान सुटेना. भिजलेलं पुस्तक उन्हात घालायचं नाही. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, उभं करून, पानं किंचित पंख्यासारखी उघडून ठेवायचं. मध्ये मध्ये कोरा कागद घालायचा, छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कागद ओला झाला की बदलायचा. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते, तेवढाच वेळ हातात असतो. सगळी एकदम वाळवणं होत नसेल तर मोलाची पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्यायची. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी धरत नाही, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं. पेठेत आइस्क्रीमवाला असेल तर त्याचाही नंबर त्या काचेखाली लिहून ठेवा.

पुस्तकं हलवायला पोती वापरू नका, कोपरे मोडतात. मार्केट यार्डात भाजीचे प्लॅस्टिक क्रेट जुने स्वस्त मिळतात. एका क्रेटात पंचवीस-तीस पुस्तकं उभी बसतात, दोघं जण आरामात जिना चढवतात. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं या रविवारी मोजून घ्या, म्हणजे क्रेट किती लागतील ते कळेल. साठाच्या पुढे गेले तर टेम्पोला दोन खेपा होतील. सांगून ठेवलाच आहे, तर रद्द करू नका.